गाळलेल्या जागा आणि डुकराच्या बरगड्या

शाळेत असताना भाषेच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न हमखास असे : ‘गाळलेल्या जागा भरा.’ त्या जागा कोणी गाळल्या आणि का गाळल्या, हे विचारण्याची सोय विद्यार्थ्याला नसे. शब्द भरावेत, गुण घ्यावेत आणि पुढच्या प्रश्नाकडे वळावे, एवढेच त्याचे काम. आता केस पांढरे झाल्यावर तो न विचारलेला प्रश्न विचारण्याची मुभा आम्ही घेत आहोत. आणि तो विचारण्यास निमित्त झाले आहे ते डुकराच्या बरगड्यांचे. सुज्ञ वाचकांनी नाकाला रुमाल लावण्यापूर्वी थोडे थांबावे, ही विनंती.

घडले ते असे. एका संस्थेने गोमंतकीय खाद्यसंस्कृतीवर विशेषांक काढण्याचे योजिले. संस्थेचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. तिने जे केले ते इतरही अनेकांनी यापूर्वी केले आहे, आणि आमचे भांडण वृत्तीशी आहे. घरात शिजणाऱ्या पाच पदार्थांवर लिहावे, असे निमंत्रण आम्हांला आले. आम्ही खतखते, हुमण, मुगागाठी आणि पातोळ्या यांवर लिहिले, आणि पाचवा पदार्थ म्हणून माडाच्या गुळाच्या लेपात घरी भाजलेल्या डुकराच्या बरगड्यांवर लिहिले. अंक हाती आला तेव्हा त्यात चारच पदार्थ होते. ‘पाच पदार्थ’ असे शीर्षक मात्र कोणाच्या लक्षात न आल्याने तसेच राहिले होते. विचारणा केल्यावर सौजन्यपूर्ण भाषेत उत्तर आले. त्यात तीन कारणे होती : हा पदार्थ आपला नव्हे, त्याने वाचकांच्या भावना दुखावतील, आणि तो हॉटेलातला पदार्थ असून त्यासाठी मराठीत शब्दही नाहीत. या तीन कारणांचा परामर्श घेणे हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

प्रथम हा पदार्थ आमच्या घरी आला कसा, ते सांगितले पाहिजे. आमचे बालपण अंत्रुज महालात गेले. आमच्या घरी मासळी रोज असे, कोंबडी सणावारी असे; डुकराचे मांस कधीच नसे. पुढे नोकरीच्या निमित्ताने मडगावात बिऱ्हाड केले आणि शेजार लाभला तो एका वृद्ध ख्रिस्ती बाईंचा. गोव्यातल्या रीतीप्रमाणे आम्ही त्यांना आंटी म्हणू लागलो. त्यांचे यजमान तारवटी. साष्टी आणि बारदेशातील हजारो पुरुष पिढ्यान्‌पिढ्या बोटींवर गेले. कोणी खलाशी म्हणून, कोणी बटलर म्हणून, कोणी आचारी म्हणून. आंटींचे यजमान बोटीच्या मुदपाकखान्यात होते. अमेरिकेच्या बंदरात त्यांनी कधीतरी गोड, काळसर, चिकट लेप दिलेल्या भाजलेल्या बरगड्या खाल्ल्या आणि ती चव जिभेवर घेऊन ते रजेवर घरी आले. ती बाटली येथे कुठून मिळणार? आंटींनी काकवीच्या जागी माडाचा गूळ घातला, तिकडच्या शिरक्याच्या जागी रेंदेराकडून आणलेले सुरेचे व्हिनेगर घातले, टोमॅटोच्या जागी भिजवलेल्या सुक्या मिरच्या वाटल्या. त्या चुलीपाशी उभे राहून आम्ही हा पदार्थ शिकलो. आमची घाई पाहून त्या म्हणत, “उजो ल्हान कर, बाबा.” आच कमी कर. पदार्थाचे सारे शास्त्र त्या तीन शब्दांत आहे, हे आम्हांला पुष्कळ उशिरा कळले.

आता पहिला आक्षेप : हा पदार्थ आपला नव्हे.

आमच्या ज्या चार पदार्थांना संपादक मंडळाने आपले म्हणून मांडीवर घेतले, त्यांच्याकडे पाहू. हुमणातील मिरची अमेरिका खंडातून आली. पोर्तुगीज येथे येण्यापूर्वी ती या भूमीने पाहिलेली नव्हती. खतखत्यात आज सर्रास पडणारे बटाटा, रताळे आणि मका हेही तिकडचेच. ज्या काजूवाचून गोव्याचे अर्थकारण आणि गोव्याचे विनोद दोन्ही अडतील, तो काजू ब्राझीलचा. यांपैकी एकालाही कोणी परकेपणाचा दाखला मागितला नाही. मिरचीला आपण चारशे-पाचशे वर्षांत इतके सामावून घेतले, की तिच्यावाचून स्वयंपाक कसा होत असेल याची कल्पनाही करवत नाही.

उलट ज्याला परका म्हणून दाराबाहेर उभे केले, तो वराह येथला जुना रहिवासी. चरकसंहितेच्या अन्नपानविषयक अध्यायात वराहमांसाचे गुण दिले आहेत : ते स्निग्ध, बल देणारे, श्रम घालवणारे, वाताचे शमन करणारे आणि पचायला जड. चरकाने त्याची शिफारस केली तशी त्याची मर्यादाही सांगितली. वैद्याने असेच लिहावे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. त्यातील अन्नभोगाच्या प्रकरणात डुकराचे केस कढत पाण्याने किंवा गवताच्या आगीने कसे काढावेत आणि मग मांस कसे भाजावे, याचे वर्णन आहे. याच ग्रंथात दशावताराच्या स्तुतीत मराठीचा एक अतिप्राचीन नमुना सापडतो, म्हणून मराठी भाषेचा इतिहास लिहिणारा प्रत्येक जण या ग्रंथापाशी थबकतो. तात्पर्य, ज्या ग्रंथात आमच्या भाषेचे बालपण नोंदले आहे, त्याच ग्रंथात भाजलेल्या डुकराची कृतीही आहे. एक उचलायचे आणि दुसऱ्यावर शाई ओतायची, हा कोणता न्याय? आणखी एक गंमत अशी, की चालुक्यांचे राजचिन्हच वराह होते. मुद्रेवर वराह आणि ताटातही वराह, यात त्या राजाला विसंगती वाटली नाही. गोव्याचे कदंब याच चालुक्यांचे मांडलिक होते, हे इतिहासप्रेमी संपादकांना आम्ही सांगायला नको.

राहिला गोड लेपाचा प्रश्न. साखरेची जगभरची नावे ‘शर्करा’ या शब्दाशी नाते सांगतात. ऊस आणि साखर आपल्याकडून पश्चिमेला गेली, अटलांटिक ओलांडून कॅरिबियन बेटांवर पोहोचली, आणि तेथे गुलामांच्या घामावर तिचे मळे उभे राहिले. त्याच व्यवस्थेत अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय आचाऱ्यांनी खड्ड्यातील निखाऱ्यांवर तासन्‌तास मांस भाजण्याची कला परिपक्व केली. बरगड्या हा तेव्हा स्वस्त भाग. मांस थोडे, हाड फार, आणि घाईने शिजवल्यास चामड्यासारखा चिवट. विसाव्या शतकाच्या आरंभी कॅन्सस सिटीत हेन्री पेरी या कृष्णवर्णीय गृहस्थांनी असे भाजलेले मांस विकायला सुरुवात केली आणि त्या शहराला पुढे याच खाद्याने नाव दिले. काकवी-टोमॅटोचा गोड दाट लेप ही त्या शहराची नंतरची ओळख. दुसरीकडे कँटन प्रांतात डुकराच्या मांसाच्या पट्ट्या मध आणि सोयाच्या रसात मुरवून, आकड्यांना टांगून भाजण्याची रीत स्वतंत्रपणे नांदत होती. म्हणजे स्वस्त मांस, मंद आच आणि शेवटी गोडाचा हात ही युक्ती गरिबाला कुठेही सुचणारी आहे. ती आमच्या तारवट्याने पाहिली आणि आंटींनी माडाच्या गुळावर आणली. गोव्याच्या स्वयंपाकाचा सारा इतिहास याच रीतीने घडला आहे. द्राक्षमद्य आणि लसूण यांत मुरवलेले पोर्तुगीज मांस येथे सुरेच्या व्हिनेगरात आले आणि त्याचे विंदालू झाले. त्याला आज कोणी पोर्तुगीज म्हणत नाही.

दुसरा आक्षेप भावनांचा. येथे आम्हांला काळजीपूर्वक लिहिले पाहिजे.

डुकराचे मांस न खाणे हा ज्याचा त्याचा पूर्ण अधिकार आहे. मुसलमान बंधूंना ते धर्माने निषिद्ध आहे. शाकाहारी वाचकांना सारेच मांस वर्ज्य आहे. आमच्या मातोश्रींनी मरेपर्यंत ते घरात येऊ दिले नाही आणि आम्हीही त्यांच्या हयातीत ते त्यांच्या चुलीवर चढवले नाही. या नकारात आम्हांला काडीचाही दोष दिसत नाही. परंतु न खाणे वेगळे आणि न छापणे वेगळे. हुमणाचा लेख छापताना शाकाहारी वाचकांच्या भावना मंडळाला आठवल्या नाहीत. मत्स्य हा विष्णूचा पहिला अवतार. त्याला हळद-मीठ लावून आमटीत सोडताना कोणाचा हात कापला नाही. वराह हा तिसरा अवतार. त्याच्या नावाने मात्र एकदम धर्म आठवला. याचा अर्थ उघड आहे. भावना प्राण्यावरून ठरत नाहीत, तो प्राणी कोणाच्या चुलीवर शिजतो यावरून ठरतात. मासळी आमच्या चुलीवर शिजते म्हणून ती संस्कृती. डुक्कर शेजारणीच्या चुलीवर शिजते म्हणून ते संवेदनशील प्रकरण.

त्यातही मौज अशी, की चोरीस-पावाच्या गाड्यापाशी संध्याकाळी जी गर्दी असते, तिच्यात सर्व धर्मांची आणि सर्व आडनावांची माणसे आम्ही पाहिली आहेत. आमचा लेख गाळणाऱ्यांपैकी एक सद्‌गृहस्थ तेथेच आम्हांला भेटले होते. त्यांनी चोरीस खाल्ले याबद्दल आमची तक्रार नाही. उभ्याने जे खाता येते ते बसून लिहिता का येत नाही, एवढेच आमचे विचारणे आहे.

स्वच्छतेचा मुद्दा पत्रात नव्हता, परंतु तो अनेकांच्या मनात असतो. जुन्या गोव्यात घरांच्या संडासांशी डुकरांचा जो संबंध होता, तो आम्हीही पाहिला आहे. तो आठवून ज्याला किळस येते त्याची किळस खोटी नाही. गावठी डुक्कर वर्ज्य आणि रानडुक्कर चालते, असा भेद धर्मशास्त्रानेही केला तो याच कारणाने असावा. सत्तरी-सांग्याच्या रानाकडील हिंदू घरांत रानडुकराचे मांस शिजत असे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला पायबंद घातल्यावर ते मागे पडले. परंतु आज जे मांस ओळखीच्या खाटकाकडून घ्यायचे, ते दाणा-चारा घालून वाढवलेल्या डुकराचे असते. ते तसे आहे ना, हे विचारून घ्यावे. कोंबडी घेतानाही एवढी चौकशी करावीच लागते.

एका ज्येष्ठ स्नेह्यांनी मात्र फोनवर एक आक्षेप सांगितला, आणि तो या साऱ्यांत सर्वांत गंभीर आहे. ते म्हणाले, “ह्या भूमीत अन्नावर जबरदस्ती झाली आहे, हे तुम्ही विसरलात.” आम्ही विसरलेलो नाही. धर्मसमीक्षणसभेने, म्हणजे इन्क्विझिशनने, नवख्रिस्ती घरांतील तुळस उपटायला लावली. मीठ न घालता भात शिजवण्याची हिंदू रीत पाळू नये, असे १७३६च्या फर्मानात बजावले. तो इतिहास अनंत काकबा प्रियोळकरांनी १९६१ साली ग्रंथरूपाने जगापुढे ठेवला. परंतु त्या इतिहासाचा धडा कोणता? सत्तेने माणसाच्या पातेल्यात डोकावू नये, हा. आपल्या पंगतीत बसवण्यापूर्वी समोरच्याच्या हंडीची झडती घेणे, हे जर त्या सभेचे पाप होते, तर लेखाच्या हंडीची झडती घेणारे आम्ही कोण? ज्यांच्या पूर्वजांवर ती जबरदस्ती झाली, त्यांतील बहुसंख्य आजच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांचेच पूर्वज होते, हेही स्मरणात असावे. त्यांना एकदा पाद्रीने गाळले. आता संपादकाने गाळावे काय?

येथे प्रश्न केवळ एका पदार्थाचा उरत नाही. मराठी ही सकल गोमंतकीयांची भाषा आहे, असे आम्ही सभांतून सांगत आलो. १९८७च्या राजभाषा कायद्याच्या वेळी तेच सांगितले आणि आजही सांगतो. पुरावा म्हणून फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ पुढे करतो, जे १६१६ साली राचोल येथे छापले गेले आणि ज्यात एका इंग्रज जेझुइटाने येथील ख्रिस्ती श्रोत्यांसाठी मराठी ओवी वापरली. ठीक. परंतु २०११च्या जनगणनेप्रमाणे गोव्यात सुमारे २५ टक्के लोक ख्रिस्ती आहेत. त्यांचे पुराण आम्हांला हवे, त्यांचे ओवीतले मराठी हवे, आणि त्यांच्या घरचे पातेले मात्र अंकात नको! ज्या भाषेत आपल्या घरचे जेवण लिहून येत नाही, त्या भाषेला माणूस आपली कशी म्हणेल? उद्या आंटींच्या नातवाने ही कृती इंग्रजीत लिहिली, तर मराठीवर अन्याय झाला म्हणून ठराव करण्याचा अधिकार आम्हांला राहणार नाही.

हे केवळ गोव्याचेच दुखणे नाही. मराठवाड्यातील दलितांच्या अन्नावर शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक लिहिले ते २०१५ साली. तोवर मराठी पाककृतींची शेकडो पुस्तके निघाली होती, आणि त्या चुली त्यांत नव्हत्या. पुस्तकाच्या नावातील ‘अ’ हे एकच अक्षर आमच्या साऱ्या खाद्यवाङ्मयाला दिलेले उत्तर आहे. आम्ही ताटाला पूर्णब्रह्म म्हणत राहिलो आणि त्यातील निम्म्या वाट्या गाळत राहिलो.

आता तिसरा आक्षेप : हा हॉटेलातला पदार्थ, आणि याला मराठीत शब्द नाहीत.

प्रामाणिकपणे कबूल करतो, की या आक्षेपात थोडे तथ्य होते. आमच्या मूळ लेखात ‘रिब्ज’, ‘मॅरिनेशन’, ‘ग्लेझ’, ‘स्लो कुकिंग’ असे शब्द जागोजाग पडले होते. ती आमची आळशी लेखणी. भाषेचे दारिद्र्य नव्हे. पाकाचे एकतारी, दोनतारी, गोळीबंद असे टप्पे जी भाषा बोटांनी मोजते. मुरवणे, वाफवणे, दमावर ठेवणे, परतणे, भाजणे, खरपूस करणे, आटवणे यांत जी फरक करते. तिला एका लेपासाठी उसनवारी करावी लागावी? आम्ही तो मजकूर पुन्हा लिहिला. तोच येथे देत आहोत. हॉटेलाचा पदार्थ घरी होतो की नाही, हे वाचकांनी स्वतः करून ठरवावे.

सहा माणसांना दीड किलो बरगड्या पुरतात. बरगड्या दोन प्रकारच्या : पाठीकडच्या लहान आणि कोवळ्या, पोटाकडच्या मोठ्या, चरबीदार आणि अधिक चवीच्या. खाटकाला हाडे सुटी न करता पट्टी अखंड ठेवण्यास सांगावे. सुटी केल्यास प्रत्येक तुकडा चारी बाजूंनी सुकतो. पट्टीच्या आतल्या बाजूला एक पातळ, चिवट पापुद्रा असतो. तो कितीही शिजवला तरी मऊ होत नाही आणि मसाला आत जाऊ देत नाही. एका टोकाच्या हाडापाशी सुरीची बोथट बाजू सारून तो उचलावा आणि कोरड्या फडक्याने धरून ओढावा. साधला तर एका ओढीत निघतो. घरच्या बरगड्या चिवट झाल्या अशी तक्रार करणाऱ्यांनी पुष्कळदा हा पापुद्राच ठेवलेला असतो.

आठ-दहा सुक्या काश्मिरी मिरच्या बिया काढून अर्धी वाटी सुरेच्या व्हिनेगरात भिजवाव्यात. त्यातच दहा-बारा लसूण पाकळ्या, बोटाएवढे आले, एक चमचा जिरे, दहा मिरी, चार लवंगा आणि दालचिनीचा लहान तुकडा घालून गंधासारखे वाटावे. बरगड्यांना आधी दोन चहाचे चमचे मीठ चोळावे, मग हे वाटण. गूळ या वेळी मुळीच घालू नये. रात्रभर थंड जागी, म्हणजे आजच्या घरात शीतकपाटात, मुरू द्यावे.

दुसऱ्या दिवशी भट्टी १५० अंश सेल्सिअसवर तापवावी. बरगड्या खोलगट ताटात ठेवून, पाव वाटी पाणी घालून, वरून झाकण किंवा धातूचा कागद घट्ट बसवावा. पाठीकडच्या बरगड्यांना सुमारे दोन तास, पोटाकडच्यांना अडीच ते तीन तास लागतात. भट्टी नसेल तर जाड बुडाचे पसरट पातेले घ्यावे. कडेला कणीक लावून झाकण बंद करावे आणि चुलीवरच्या सर्वांत लहान आचेवर दोन तास ठेवावे. मधून वाफेचा वास घ्यावा. पाणी आटल्याची शंका आली तर कणीक उकलून थोडे कढत पाणी घालावे.

एवढा वेळ कशासाठी? बरगडीच्या मांसात स्नायूंना बांधून ठेवणारे कोलॅजेन नावाचे चिवट द्रव्य पुष्कळ असते. ओलावा आणि उष्णता यांत ते सावकाश विरघळून त्याचे जिलेटिन होते. ही क्रिया मांस ७० अंशांच्या पुढे गेल्यावर नीट सुरू होते आणि ९०च्या आसपास वेग घेते. पण तिला तास लागतात. मोठ्या आचेवर बाहेरचे मांस आक्रसून कोरडे पडते आणि आतले कोलॅजेन जसेच्या तसे राहते. ‘उजो ल्हान कर’ याचा अर्थ हाच. शिवाय ९० अंशांपर्यंत गेलेल्या मांसात रोगजंतूंची किंवा कृमींची भीती बाळगण्याचे कारण उरत नाही. स्वच्छतेच्या आक्षेपाचे अर्धे उत्तर त्यातच आहे. काही जण वेळ वाचवण्यासाठी बरगड्या आधी पाण्यात खळखळा उकळतात. मांस मऊ होते, परंतु त्याचा स्वाद पाण्यात जातो आणि ते पाणी मोरीत जाते.

शिजले हे कसे ओळखावे? हाडाच्या टोकावरचे मांस बोटाच्या रुंदीइतके मागे सरते. दोन हाडांच्या मध्ये सळई घातली तर ती अडत नाही. एक हाड हलके पिळले तर ते मांसातून सुटू लागते. मांस हाडावरून आपोआप गळून पडले, की आपण फार छान केले असे अनेकांना वाटते. अमेरिकेतील या कलेच्या स्पर्धांत मात्र तो जास्त शिजल्याचा दोष मानला जातो. दाताने ओढताच सुटावे, पण सुटण्याआधी क्षणभर धरून राहावे, ही खरी पायरी. तिला मराठीत ‘लुसलुशीत’ म्हणतात. परदेशी शब्दाची गरज आम्हांला पडली नाही.

आता लेप. ताटात उतरलेला रस गाळून घ्यावा आणि वर तरंगलेली चरबी काढून टाकावी. त्यात दीडशे ग्रॅम माडाचा गूळ किसून आणि तीन मोठे चमचे व्हिनेगर घालून मंद आचेवर आटवावे. एकतारीच्या किंचित अलीकडे थांबावे. पळीच्या पाठीवर बोटाने ओढलेली रेघ मिटू नये, इतका दाट. माडाचा गूळ नुसता गोड नसतो. त्यात थोडा खारटपणा आणि धुराचा वास असतो, आणि व्हिनेगराचा आंबटपणा त्याला तोलून धरतो. ऊसाचा गूळ चालेल, पण मग चिमूटभर मीठ अधिक घालावे. भट्टी २१० अंशांवर नेऊन, झाकण काढून, बरगड्यांवर लेपाचा पातळ हात द्यावा. पाच मिनिटांनी दुसरा हात, आणखी पाच मिनिटांनी तिसरा. या वेळी भट्टीसमोरून हलू नये. साखर १६० अंशांच्या पुढे रंग धरू लागते आणि तेथून करपण्यापर्यंतचे अंतर दोन-चार मिनिटांचे असते. गूळ आधी का घालायचा नाही, याचे कारण हेच.  भट्टी नसलेल्यांनी बेबिंकासाठी करतात तसे करावे : झाकणावर करवंट्यांचे निखारे ठेवावेत. आंटी तसेच करीत. आणि करवंटीच्या धुराचा जो वास त्या लेपाला येई, तो आमच्या भट्टीला अद्याप साधलेला नाही. खाली उतरवल्यावर दहा मिनिटे तसेच राहू द्यावे, मग दोन-दोन हाडांचे तुकडे करावेत. सोबत पाव, कांद्याची कोशिंबीर आणि हात पुसायला ओले फडके. काट्याचमच्याने हा पदार्थ खाता येत नाही, म्हणूनही तो हॉटेलापेक्षा घरी अधिक शोभतो.

बाजारात आता लेपाच्या तयार बाटल्या मिळतात. घेण्यापूर्वी मागच्या बाजूचा मजकूर वाचावा. साखर कितव्या क्रमांकावर आहे ते पाहावे. तीन तास आच सांभाळण्याचे काम कोणतीही बाटली करीत नाही.

वाचकांनी मोजून पाहावे : या कृतीत भट्टीचे अंश आणि कोलॅजेन-जिलेटिनसारखी शास्त्रीय नावे सोडल्यास मराठीला अडेल असे काही आले काय? शब्द होतेच. ते लिहिण्याची तयारी नव्हती, आणि त्या अनिच्छेला आम्ही भाषेची मर्यादा असे सोयीचे नाव दिले.

विशेषांकाच्या संपादकांकडे आमची मागणी मोठी नाही. सर्वांनी डुकराचे मांस खावे, असे आम्ही म्हणत नाही. एवढेच म्हणतो, की ‘गोमंतकीय’ हा शब्द मुखपृष्ठावर छापायचा असेल तर आत सर्वांच्या चुली असाव्यात. आणि तेवढी छाती नसेल तर मुखपृष्ठावर ‘आमच्या काही घरांतील पदार्थ’ असे खरे शीर्षक द्यावे. लेख नाकारण्याचा अधिकार संपादकाला आहे, तो आम्हांला मान्य आहे. न विचारता त्यातील एक घर गाळून उरलेल्यांना संपूर्ण गोवा म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही.

आंटी आता हयात नाहीत. त्यांनी ही कृती कोठेही लिहून ठेवली नव्हती. त्यांना लिहिता येई ते पोर्तुगीज, आणि पाककृती लिहायची असते हे त्यांना मान्यच नव्हते. ती मराठीत लिहिली गेली ती आमच्या हातून, आणि मराठीनेच ती एकदा गाळली. ज्यांच्याकडे तो विशेषांक असेल त्यांनी पातोळ्यांच्या पानानंतर ही पाने घडी करून ठेवावीत. पाच पदार्थ पूर्ण होतील.